कावळ्याच्या शेपटीत पिसं किती?

पक्षिशास्त्राच्या पेपरचा पहिला तास. सरांनी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. खिडकीपाशी उभं राहून विचारलं, "आज सकाळी कावळा कुणी कुणी पाहिला?" सगळे हात वर गेले. "मग सांगा, त्याच्या शेपटीत पिसं किती?"

त्याआधी मी नऊ वर्षं पक्षी बघत होते. माझ्या वहीत २४० जातींची नावं होती, प्रत्येक नावापुढे तारीख आणि वेळ होती. आणि रोज दिसणाऱ्या कावळ्याच्या शेपटीत किती पिसं असतात, ते मला सांगता आलं नाही. वर्गात कुणालाच आलं नाही. उत्तर आहे १२. मध्यापासून डावीकडे सहा, उजवीकडे सहा. चिमणी, साळुंकी, बुलबुल यांचंही तेच. हे सगळे ज्या गटातले, त्या पॅसेरीन गटात जगातल्या सुमारे ११,००० जातींपैकी निम्म्याहून जास्त जाती येतात आणि त्यातल्या बहुतेकांना शेपटीची पिसं १२. कोतवालाला मात्र १०. घरी जाताना तारेवर बसलेला कोतवाल दिसला, तेव्हा पहिल्यांदा मी त्याच्या दुभंगलेल्या शेपटीकडे मोजायच्या नजरेने पाहिलं. मोजता काही आलं नाही. पण त्या दिवसापासून दुर्बीण डोळ्याला लावली की आधी नाव आठवायचं, ही नऊ वर्षांची सवय सुटायला लागली.

पुष्कळ जण मला विचारतात, पक्षी बघायला पदवीचा अभ्यास कशाला हवा? मार्गदर्शक पुस्तक आणि दुर्बीण पुरत नाही का? पक्षी बघण्याचा आनंद घ्यायला पुरते, अगदी मनापासून सांगते. पण एखादा पक्षी अमुकच आहे असं म्हणायचं, आणि कुणी 'कशावरून?' विचारलं की उत्तर द्यायचं, त्यासाठी पक्ष्याच्या आत काय आहे ते माहीत असावं लागतं. हे मला प्रयोगशाळेत कळलं.

दुसऱ्या आठवड्यात आमच्यापुढे एक बुलबुल आला. लालबुड्या बुलबुल, काचेवर आपटून मेलेला, विभागाच्या फ्रीजरमधून काढलेला. सरांनी कॉर्कच्या फळीवर त्याचा उजवा पंख उलगडला आणि टाचण्या लावल्या. मी कल्पना केली होती त्यापेक्षा तो पंख कितीतरी मोठा निघाला. मिटलेला असताना तो जेमतेम माझ्या बोटांएवढा होता, उलगडल्यावर तळहात झाकला गेला. "आता हात शोधा," सर म्हणाले. खांदा, कोपर, मनगट सगळं होतं. मनगटापुढे तळहाताची हाडं एकमेकांना चिकटून एकच हाड झालेलं. त्या हाताच्या भागाला लागलेली पिसं म्हणजे प्रायमरी. कोपरापासून मनगटापर्यंतच्या जाड हाडाला, अल्नाला, लागलेली ती सेकंडरी. आम्ही चिमट्याने एकेक पीस उचलून मोजलं. प्रायमरी १०, त्यातलं सगळ्यात बाहेरचं अगदी लहान. एक पीस अर्धवट वाढलेलं होतं, बुडाशी निळसर करड्या आवरणात गुंडाळलेलं. बुलबुलाची पिसं झडून नवी येत होती, आणि ते काम पूर्ण व्हायच्या आत तो काचेवर आपटला होता. मी ते पीस बराच वेळ बघत राहिले. त्या बोटभर पिसात त्याचं त्या महिन्याचं सगळं आयुष्य होतं: विणीचा हंगाम उरकलेला, पिल्लं उडालेली, आणि आता खाल्लेला प्रत्येक दाणा नव्या पिसांकडे चाललेला.

मग सरांनी एका पेटीतून कावळ्याचं नुसतं अल्ना हाड काढलं. त्यावर एका ओळीत बारीक गाठी होत्या, बोटाने चाचपल्या तर कंगव्यासारख्या लागत. सेकंडरी पिसं जिथे हाडाला घट्ट बांधलेली असतात, तिथल्या त्या खुणा. "२००७ साली वेलोसिरॅप्टर डायनोसॉरच्या याच हाडावर अशाच गाठी सापडल्या," सर म्हणाले. तो प्राणी उडत नव्हता, पण त्याच्या हाताला पिसं होती, हे पीस न सापडताही कळलं. मी ते हाड हातातून खाली ठेवायला तयार नव्हते. शेवटी मागच्या बाकावरच्याने मागून घेतलं.

पिसाबद्दल अजून एक सांगायलाच हवं. जमिनीवर पडलेलं कुठलंही पीस घ्या, त्याची कड बोटांनी उलटी ओढून विस्कटा, आणि मग बुडाकडून टोकाकडे चिमटीत धरून हलकेच फिरवा. ते पुन्हा सलग होतं. सूक्ष्मदर्शकाखाली का ते दिसतं: मधल्या दांड्यापासून फुटलेले तंतू, त्या तंतूंना फुटलेले आणखी बारीक तंतू, आणि त्यांच्या टोकांना आकडे. एका तंतूचे आकडे शेजारच्यात अडकतात. पक्षी तासन् तास चोचीने पिसं साफ करत बसतो, तेव्हा हे सुटलेले आकडे तो परत अडकवत असतो आणि शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल त्यांना लावत असतो. नऊ वर्षं माझ्या वहीत मी त्याला 'पक्षी निवांत बसला होता' असं लिहीत आले होते.

निळ्या रंगाचंही तसंच. आमच्या संग्रहात नीलपंखाचं एक पीस होतं. मागून उजेड येईल असं ते खिडकीकडे धरलं, आणि निळा गेला. मळकट तपकिरी पीस हातात राहिलं. काळा आणि तपकिरी हे मेलॅनिनचे, खरे रंगद्रव्याचे रंग. पिवळा आणि लाल पुष्कळदा खाण्यातून आलेल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचे. पण पिसातला निळा हा पिसाच्या आतल्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश विखुरल्यामुळे दिसतो. म्हणून उजेड कुठून पडतोय हे नोंदीत लिहायचं, हा आमचा नियम झाला. ढगाळ सकाळी पाठीमागून उजेड असताना 'काळा पक्षी' लिहिणाऱ्याला सर हमखास विचारत, "काळा, की काळा दिसलेला?"

आता माझ्या चुकीबद्दल. ती सविस्तर सांगते, कारण त्या एका चुकीने मला जे शिकवलं ते सगळ्या सत्रात मिळून शिकले नसेन.

आम्हाला प्रत्येकाला एक तुकडा नेमून दिला होता, दर रविवारी तिथे दोन तास निरीक्षण. माझ्या तुकड्यात मोठी झाडं होती. लागोपाठ तीन रविवार तिथे मला शिक्रा दिसला. पाठ राखाडी, पोटावर आडव्या तपकिरी पट्ट्या, शेपटीवर पट्टे. पंखांची चारदोन वेळा फडफड, मग तरंगत जाणं. फांदीवर उतरला की शेपटी डावीउजवीकडे हलवायची. लहान पक्षी त्याला पाहून ओरडा करत होते. मी तिन्ही वेळा शंका न घेता 'शिक्रा' लिहिलं. विभागाच्या फलकावर लागलेल्या महिन्याच्या यादीत माझ्या तुकड्यापुढे ते आलंही.

सरांनी वही तपासताना एकच प्रश्न विचारला. "पाय पाहिलेस?"

नव्हते पाहिले. चोच पाहिली का, तर तीही नीट नव्हती. मला एकूण ठेवण दिसली होती आणि ठेवणीवरून नाव सुचलं होतं. चौथ्या रविवारी मी पहाटेच गेले आणि त्या झाडाखाली बसून राहिले. पावणेआठला तो आला, माझ्यापासून फार तर वीस पावलांवर, उघड्या फांदीवर. या वेळी मी दुर्बीण छातीवरून खाली नेली आणि फक्त पाय बघितले. शिक्र्याचे पाय लांब, सडपातळ, पिवळे असतात, तीन बोटं पुढे आणि एक मागे, नख्या भक्ष्य पकडायच्या. याचे पाय आखूड, पोटाच्या पिसांत जवळजवळ लपलेले. बोटं दोन पुढे, दोन मागे. मग वर सरकत चोचीवर आले. आकड्यासारखी वळलेली नव्हती, साधी, किंचित बाकदार. डोळ्याभोवती पिवळं कडं.

तो पावशा होता. 'पेरते व्हा, पेरते व्हा' म्हणणारा, लहानपणापासून ज्याचा आवाज कानात बसलाय तो पावशा. पण तो मोसम त्याच्या ओरडण्याचा नव्हता. आवाज गेला तर माझ्याकडे त्याची ओळख म्हणून काहीच उरत नव्हतं, हे मला त्या फांदीखाली कळलं.

आणि इथे जीवशास्त्र आलं. पावशा शिक्र्यासारखा का दिसतो? पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. कोकीळकुळातल्या अशा परोपजीवी पक्ष्यांचं ससाण्या-शिकऱ्यांशी असलेलं साम्य जुन्या काळापासून लोकांच्या लक्षात आलेलं आहे. युरोपातल्या कोकिळेच्या बाबतीत ब्रिटिश पक्षितज्ज्ञ निक डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोग करून तपासलं: पोटावर पट्टे असलेली कोकिळेची प्रतिकृती ठेवली की लहान पक्षी शिकारी पक्ष्याला बिचकावं तसे बिचकतात, पट्टे झाकले की तेवढे बिचकत नाहीत. म्हणजे माझी फसगत ज्या पट्ट्यांनी केली, ते पट्टे फसवण्यासाठीच घडलेले होते. फक्त ती फसवणूक माझ्यासाठी नव्हती. पायांना मात्र सोंग घ्यायची गरज पडली नाही, कारण घरट्यावर बसलेला पक्षी बोटं मोजत नाही. म्हणून पाय बघायचे. मार्गदर्शक पुस्तकात 'पावशा: पायाची बोटं दोन पुढे, दोन मागे' एवढी एक ओळ असते. ती ओळ मी आधी दहा वेळा तरी वाचली असेल. या वेळी ती लक्षात राहिली, कारण तिच्यामागचं कारण हाताला लागलं होतं.

फलकावरची नोंद मी स्वतः लाल शाईने दुरुस्त केली. सर म्हणाले खोडू नको, दोन्ही राहू देत, खाली तारीख घाल.

शरीरक्रियेचा भाग सगळ्यांना रुक्ष वाटायचा. मला श्वसनाने वेड लावलं. आपल्या फुप्फुसात हवा जाते त्याच वाटेने बाहेर येते. पक्ष्याच्या फुप्फुसात ती एकाच दिशेने वाहते. पहिल्या श्वासात आलेली हवा बहुतांश मागच्या वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसाला जोडलेल्या हवेच्या पिशव्यांत, जाते, पहिल्या उच्छ्वासात तिथून फुप्फुसात, दुसऱ्या श्वासात फुप्फुसातून पुढच्या वायुकोशांत, आणि दुसऱ्या उच्छ्वासात बाहेर. आत घेतलेला एक घोट हवा बाहेर पडायला दोन पूर्ण श्वास लागतात, आणि श्वास सोडतानाही फुप्फुसाला ताजी हवा मिळत असते. हिमालय ओलांडणारा पट्टकदंब हंस विरळ हवेत पंख मारत राहतो, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. मी ही आकृती इतक्या वेळा काढली की अजूनही फोनवर बोलताना कागद हाताशी असला तर तीच निघते.

आवाजाचं यंत्रही वेगळं. आपला आवाज स्वरयंत्रात, श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला. पक्ष्याचा सिरिंक्समध्ये, श्वासनलिका जिथे दुभंगते त्या खालच्या टोकाला. दोन फाटे असल्यामुळे काही गाणारे पक्षी दोन फाट्यांतून एकाच वेळी दोन वेगळे स्वर काढतात. दयाळाचं गाणं ध्वनिमुद्रित करून आम्ही संगणकावर त्याचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, पाहिला, तेव्हा कानाला एकच शीळ वाटलेल्या ठिकाणी पडद्यावर केवढी तरी बारीक नक्षी होती.

संग्रहालयाच्या कपाटातले खण ही आमच्या अभ्यासाची दुसरी शाळा. कापूस भरलेले, पाय बांधलेले, पोट वर करून ओळीने ठेवलेले पक्षी. पहिल्यांदा बघताना पोटात कालवतं, ते नाकारत नाही. पण प्रत्येकाच्या पायाला एक चिठ्ठी असते: कुठे, कधी, कुणी, नर की मादी, डोळ्याचा रंग, पोटात काय सापडलं, वृषणाचा आकार किती. हा शेवटचा आकडा का, तर विणीच्या काळात वृषण शेकडो पटींनी मोठं होऊ शकतं आणि मोसम संपला की आक्रसतं. बुलबुलासारख्या पक्ष्यात नर-मादी बाहेरून सारखेच, तिथे खरं उत्तर आतच असतं. सर म्हणत, चिठ्ठी हरवली की नमुना हरवला.

ती चिठ्ठी खोटी असली तर काय होतं, त्याची गोष्ट वनपिंगळ्याची आहे. १८७३ मध्ये अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमने या लहान घुबडाचं वर्णन केलं. संग्रहालयांत त्याचे मोजून सात नमुने. शेवटचा म्हणून १९१४ चा, रिचर्ड मायनर्ट्झहागन या ब्रिटिश संग्राहकाने गुजरातेत मिळवल्याचं सांगितलेला. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईने तपासला, क्ष-किरण चित्रं काढली. आतली भरणी आणि टाके सांगत होते की हा नमुना मुळात दुसऱ्याच माणसाचा, १८८०च्या दशकात खानदेशात गोळा केलेला, तिथून चोरून पुन्हा भरलेला. म्हणजे गुजरातेतलं ठिकाण बाद, आणि १९१४ हे सालही. मग शोध तिथेच वळवला जिथल्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात वनपिंगळा जिवंत दिसला. शंभराहून अधिक वर्षांनी. तो दिसल्यावर 'हा साधा ठिपकेवाला पिंगळा नाही' हे सांगायला त्यांच्याकडे कारणं तयार होती: डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छाती सलग तपकिरी, पंख आणि शेपटीवरचे पट्टे ठळक. ती कारणं खणातल्या त्या सात मेलेल्या पक्ष्यांनी दिली होती. हे वाचल्यापासून नमुन्यांच्या खणाकडे मी वेगळ्याच आदराने बघते.

वर्गीकरणाच्या तासाला सरांनी शिकारी पक्ष्यांच्या खणातून बहिरी ससाणा उचलला आणि नेऊन पोपटांच्या शेजारी ठेवला. बाकी काही बोलले नाहीत. २००८ च्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात ससाणे हे घार-गरुडांपेक्षा पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या जवळचे निघाले, आणि २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, ताडून पाहिले तेव्हाही तेच. रोहित पक्ष्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक कोण, तर तळ्यातली टिबुकली आणि तिचं कुळ. डोळ्यांना पटत नाही. पण सवयी सारख्या असल्या की शरीरं सारखी घडतात, हे पावशाच्या निमित्ताने नसलं तरी पाणकावळा आणि बदक शेजारी ठेवून कळतंच: दोघंही पोहतात म्हणून दोघांच्याही पायांना पडदा, पण बदकाच्या तो पुढच्या तीन बोटांमध्येच, पाणकावळ्याच्या चारही बोटांना.

मला सगळ्यात जड गेले ते वटवट्ये. हिवाळ्यात येणारे, हिरवट-तपकिरी, पानांआड सतत हलणारे. फायलोस्कोपस या एकाच प्रजातीत एकमेकांसारख्या दिसणाऱ्या कितीतरी जाती. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्या परिसरातल्या तीन वटवट्यांना वेगळं ओळखलं ते मुख्यतः आवाजावरून, हे ऐकून मला धीर आला होता. भुवई किती लांब, पंखावर पट्टी आहे का, असली तर एक की दोन, मिटलेल्या पंखात प्रायमरी किती बाहेर येतात. हा शेवटचा मुद्दा मला बुलबुलाच्या त्या उलगडलेल्या पंखामुळे समजला: लांब प्रवास करणाऱ्या पक्ष्याचा पंख सहसा जास्त टोकदार, म्हणून मिटल्यावरही टोक लांब दिसतं.

आमची मैदानी परीक्षा असायची पहाटे, तळ्याकाठी. दोन तासांत दिसेल ते लिहायचं, प्रत्येक नावापुढे निदान दोन कारणं. नाव बरोबर आणि कारण नाही, तर गुण नाहीत. मी त्या सकाळी ३१ जाती लिहिल्या. बत्तिसाव्या ओळीत लिहिलं: "फायलोस्कोपस, जात ठरली नाही. पंखावर एक फिकट पट्टी, भुवई चोचीच्या बुडापर्यंत, आवाज ऐकू आला नाही, उजेड समोरून, सुमारे चार सेकंद." तेव्हा हात जड झाला होता. नऊ वर्षांच्या वहीत मी 'ठरली नाही' असं कधीच लिहिलेलं नव्हतं.

पेपर परत मिळाला तेव्हा त्या ओळीला पूर्ण गुण होते. शेजारी लाल पेन्सिलीने सरांनी लिहिलं होतं, "पाय कोणत्या रंगाचे?"

पुढच्या तिन्ही रविवारी मी तळ्याकाठी, तो वटवट्या दिसला होता त्याच बाभळीखाली गेले. दुसऱ्या रविवारी तो दिसला, डोक्यावरच्या फांदीवर, खालून. पाय तपकिरी होते.